छकुलीचे ‘नाई’

आज सकाळी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत आमच्या घरात ‘नाई’ हा शब्द किती वेळा उच्चारला गेला ते मी मुद्दाम मोजून पाहिले. चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले, कारण तेवढ्यात पिठाच्या डब्यात दोन्ही हात गेले होते.

उठायचे का? नाई. तोंड धुवायचे? नाई. दूध प्यायचे? नाई. मग खाली खेळायला जायचे? नाई. शेवटी मी म्हणाले, “छकुली, तू शहाणी आहेस ना गं?” त्यालाही उत्तर तेच!

छकुली म्हणजे माझी नात. वय वर्षे दोन, वर दोन महिने. विक्रोळीच्या कन्नमवारनगरमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर एवढे आमचे घर. मुलगा ड्रायव्हर आहे, त्याच्या वेळेचा भरवसा नाही. सून औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. सकाळी साडेसातला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला घरात येते. मधले बारा तास छकुली माझ्या ताब्यात, किंवा खरे सांगायचे तर मी तिच्या ताब्यात!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला. एकेका वर्गात पन्नास-साठ मुले असत. तेव्हा नातीला सांभाळायला मुंबईला आले ती मोठ्या ऐटीत. साठ पोरे सांभाळली, ही एवढीशी चिमणी काय जड आहे? पण सहा वर्षांचे मूल वेगळे आणि दोन वर्षांचे वेगळे, हे मला या वयात कळले. सहा वर्षांच्या मुलाला ‘का’ ते सांगता येते. दोन वर्षांच्या मुलाला ‘का’ सांगेपर्यंत ते खुर्चीवरून टेबलावर चढलेले असते. मागच्या रविवारची गोष्ट. विहारात सगळे डोळे मिटून शांत बसले होते. ही मांडीवरून कधी निसटली ते कळलेच नाही. पुढे जाऊन तिने लावलेल्या मेणबत्त्या एकेक करून फुंकल्या आणि टाळ्या वाजवत ‘हॅप्पी बर्थडे’ म्हणाली! भंतेजी हसले म्हणून निभावले.

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट यांच्यापुढे कुणाचे चालत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण केली त्याने बाईला आणि पोराला एका ओळीत बसवले. दोघांनाही समज कमी, असेच त्याला सुचवायचे असणार. पण पोराच्या हट्टात समज नसते असे नाही. उलट समज येऊ लागली म्हणूनच हट्ट येतो.

दीड वर्षाच्या सुमारास मुलाला कळू लागते की आपण एक वेगळे माणूस आहोत. आरशात दिसते ते आपणच, हेही साधारण याच वयात उमगते. पाय धावू लागतात, हात फळीपर्यंत पोचतात. शब्द मात्र मागे राहतात. दोन वर्षांच्या मुलाजवळ साधारण पन्नास किंवा थोडे जास्त शब्द असतात, आणि दोन शब्द जोडून बोलायला ते नुकते शिकलेले असते. भगिनींनो, तुम्हाला कोणी सांगितले की दिवसभर पन्नासच शब्द वापरा आणि तेवढ्यात भूक, झोप, राग, भीती, कंटाळा सगळे सांगा, तर तुम्हीही संध्याकाळपर्यंत जमिनीवर पाय आपटाल! त्यातून राग आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग माणसाची विशी उलटेपर्यंत पक्का होत राहतो. मोठमोठ्या माणसांना जे साधत नाही ते आपण दोन वर्षांच्या पोराकडे मागतो.

आणि सगळी पोरे सारखी नसतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवराबायकोने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अनेक मुलांचा तान्हेपणापासून पुढे वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांना दिसले की काही मुले पहिल्यापासूनच सरळ जमवून घेणारी असतात, आणि दहातले सुमारे एक मूल जोरदार, चटकन बिथरणारे, बदल न सोसणारे असते. यात आईचा दोष नसतो. त्या मुलाचे पुढे काय होईल, हे त्याच्या स्वभावाला घर कसे जमवून घेते यावर बरेच अवलंबून असते, असे त्या दोघांचे म्हणणे होते. आमची छकुली त्या दहातली एक. पण हे शहाणपण मला फार उशिरा आले. त्याआधी आमच्या घरात जे घडले ते सांगण्यासाठीच आजचे हे सदर लिहिते आहे.

पाच महिन्यांपूर्वी, ती पावणेदोन वर्षांची असताना, एका दुपारी तिच्या हातातली कात्री मी काढून घेतली. तिने भोकाड पसरले. एक हुंदका, दुसरा हुंदका, आणि तिसऱ्याला आवाजच आला नाही. तोंड उघडेच, ओठ निळे, मान मागे टाकलेली. मग अंग एकदम सैल पडले. भगिनींनो, ती पंधरा-वीस सेकंदे असतील, पण माझे आयुष्य त्यात संपले असे मला वाटले. मी ओरडले. शेजारच्या बाया धावत आल्या. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली. तेवढ्यात तिने मोठा श्वास घेतला, रडली, आणि माझ्या खांद्यावर झोपून गेली.

तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट विचारून घेतले. कशामुळे सुरू झाले, आधी रडली का, किती वेळ चालले, नंतर कशी होती. मग म्हणाल्या, “आजी, ही फिट नाही. हृदयाचंही काही दिसत नाही. काही मुलं राग आला किंवा दुखलं की रडता रडता श्वास धरतात. ती मुद्दाम करत नाहीत, ते त्यांच्या हातात नसतं.” डॉक्टर लोक त्याला ‘ब्रेथ होल्डिंग स्पेल’ म्हणतात. सहा महिन्यांच्या पुढे ते सुरू होते आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबते. अशा वेळी पोराला सपाट जागी कुशीवर निजवावे. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नये. गदागदा हलवू नये. मिनिटाच्या आत श्वास परत येतो. पण पहिल्यांदा असे झाले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, कारण फिट कोणती आणि हे कोणते ते आपल्याला ओळखता येत नाही. न रडता असे झाले, झोपेत झाले, मिनिटापेक्षा जास्त चालले, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये.

त्यानंतर बाईंनी छकुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन आले आठ! लोह कमी असलेल्या मुलांत हे श्वास धरणे जास्त दिसते, आणि लोहाचे औषध दिले की बऱ्याच मुलांत ते कमी होते. शिवाय रक्त कमी असलेले मूल किरकिरे होते, खात नाही, थकते आणि थकले की चिडते. म्हणजे आम्ही ज्याला नुसता हट्ट समजत होतो त्यात थोडा भाग अशक्तपणाचाही होता.

“सकाळी काय देता?” बाईंनी विचारले. मी सांगितले, बशीत चहा आणि बिस्कीट. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. आम्ही सगळे त्यावरच वाढलो. पण चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. नुसत्या दुधावर पोट भरणाऱ्या मुलालाही लोह मिळत नाही. दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध नको, असे त्यांनी बजावले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. शंभरात एकोणसत्तर! तेव्हा ‘आमचे पोर फार रडके’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईने एकदा त्याच्या पापणीच्या आत पाहावे. अंगणवाडीत आणि आशाताईंकडे या वयासाठी लोहाचे सिरप असते. किती द्यायचे ते त्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच द्यावे. बाटली मात्र उंच ठेवावी, कारण लोहाचे औषध पोराने एकदम जास्त प्यायले तर ते विष होते.

एवढे कळल्यावर सगळे सुरळीत व्हायला हवे होते. पण झाले उलटेच. निळे ओठ आमच्यापैकी कोणी विसरू शकत नव्हते. तिला रडू द्यायचे नाही, असे आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकले. मागेल ते हातात. चॉकलेट मागितले, दिले. जेवताना मोबाईल मागितला, दिला. मग मोबाईलशिवाय घास घेईना. दोन आठवड्यांत ती घरातली सर्वांत मोठी झाली आणि आम्ही तिघे तिचे नोकर.

मोबाईलवरून आठवले. १९२० आणि १९३० च्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून निजवत. तिला बाळागोळी म्हणत. त्या काळच्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. त्या आया दुष्ट नव्हत्या. दिवसभर गिरणीत राबायचे आणि पोराला बघायला कोणी नाही, मग करणार काय? आजही पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, अशी तरतूद २०१७ साली कायद्यात झाली. पण चार घरची धुणीभांडी करणारीला आणि दुकानात उभी राहणारीला कुठले पाळणाघर? तिच्या पोराच्या हातात मोबाईल दिसला म्हणून तिला नावे ठेवणे सोपे आहे. मी तर घरात बसलेली होते, तरी दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांच्या आत मुलाला पडद्यापुढे बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसाकाठी तासापेक्षा जास्त नको, कमी तितके बरे. आमच्याकडे तेव्हा तीन तास होत होते.

आणि मग तो दिवस आला.

दुपारी वरणभात कालवून तिच्यापुढे ठेवला. तिने ताटली ढकलली. मी पुन्हा कालवला. तिने मूठभर भात उचलून भिंतीवर मारला आणि हसली. तिसऱ्यांदा तिने ताटलीच उलटी केली. माझा हात उठला. गालावर बोटे उमटली.

ती रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, ही आजी आहे की दुसरे कोणी अशा नजरेने. मग ओठ थरथरले, आणि रडत रडत ती माझ्याच गळ्यात येऊन पडली. ज्या हाताने मारले त्याच हाताकडे ती धावली, कारण दिवसभर तिला दुसरा हातच नव्हता. भगिनींनो, तो क्षण मी कसा सांगू?

माझा हात का उठला, याचा मी रात्रभर विचार केला. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळालेली सुकडी ती पदराला बांधून आणायची आणि आम्हा भावंडांना मुठीमुठीने वाटायची. स्वतः खाल्ली का, हे आम्ही कधी विचारले नाही. तो भात भिंतीवर आपटला तेव्हा मला माझी आई दिसली. पण छकुलीला काय माहीत? तिने भात फेकला, तो भिंतीला चिकटला, तिला गंमत वाटली. माझी भूक आणि माझ्या आईची भूक तिच्या गालावर काढायचा मला काय अधिकार होता?

संध्याकाळी सून आली. मी काही सांगितले नाही. पण छकुलीने आपली चिंधीची बाहुली समोर घेतली, तिला चापट मारली आणि म्हणाली, “गप! गप बश!” आवाज माझा, बोलण्याची ढब माझी. सून सगळे समजली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तुम्ही आहात म्हणून मी कामावर जाऊ शकते. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण तिला मारू नका. मला कंपनीत हात चालवता येणार नाहीत.”

मला राग आला. एकतीस वर्षे मास्तरीण होते मी, आणि ही मला शिकवते? शेजारच्या आजींना बोलून दाखवले, तर त्या म्हणाल्या, “बरं केलंत मारलंत ते. मुलीची जात, एवढा हट्ट बरा नाही. आत्ताच मोडायला हवा.”

तिथे मी थबकले. ‘मुलीची जात.’ हे शब्द मी लहानपणी हजार वेळा ऐकले होते. मुलीच्या जातीने मोठ्याने हसू नये, मुलीच्या जातीने उलट बोलू नये. माझ्या आईने ते सगळे ऐकून न ऐकल्यासारखे केले म्हणून मी शाळेत गेले आणि मास्तरीण झाले. आता माझ्या नातीचा हट्ट मी त्याच कारणाने मोडायचा?

आणि मारण्याविषयी म्हणाल, तर वर्गात मीही पट्टी वापरली आहे. तेव्हा सगळेच वापरत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला, तेव्हा मी मैत्रिणींजवळ कुरकुरले होते की आता पोरे ऐकणार कशी. पण पट्टी टेबलाच्या खणात गेली आणि पोरे ऐकतच राहिली. उलट न समजलेले विचारू लागली. स्वीडनने तर १९७९ सालीच घरातसुद्धा मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली. साठ परक्या पोरांना न मारता शिकवू शकले, तर घरच्या एकीला का नाही? दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटले, “पोरी, तू बोललीस ते बरोबर बोललीस.” ती काही बोलली नाही. चहाचा कप मात्र त्या दिवशी तिने माझ्या हातात आणून दिला.

मग आम्ही तिघे बसलो आणि नवे काही ठरवले. तेही सांगते, एखादीच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, घरातले पक्के ‘नाही’ तीनच ठेवले. गॅसजवळ जायचे नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, कोणाला मारायचे-चावायचे नाही. हे तीन नियम आजी, आई, बाबा सगळ्यांचे सारखे. बाकी ज्या वस्तूंना हात लावू नये त्या आम्हीच उचलल्या. कात्री, सुया, गोळ्या वर गेल्या. शीतपेयाच्या बाटलीत भरलेले फिनेल फेकून दिले. न्हाणीघरातली बादली रिकामी करून पालथी घालू लागलो, कारण एवढी पोरे वीतभर पाण्यातही बुडतात. घर असे आवरले आणि दिवसातले अर्धे ‘नको, नको’ आपोआप कमी झाले. आम्ही तिला ‘नाही’ म्हणत होतो तेच ती आम्हाला म्हणत होती!

दुसरी गोष्ट, हो-नाहीचे प्रश्न विचारणे सोडले. ‘आंघोळ करायची का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले. आता विचारते, ‘लाल मग्याने आंघोळ की निळ्या?’ ती दोन्ही मगे बघते, विचार करते आणि मोठ्या रुबाबात म्हणते, ‘निला.’ आंघोळ होते ती होतेच. आज सकाळी मी मोजायच्या नादात जुनेच प्रश्न विचारत गेले, त्याचे फळ तुम्ही वर वाचलेच.

तिसरी, खेळ थांबवण्याआधी सांगायचे. ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घर.’ दोन म्हणजे किती हे तिला नीट कळत नाही. पण काही तरी संपणार आहे, हे कळते.

चौथी, तिला काम द्यायचे. ओट्याखालचा एक कप्पा तिचा केला. त्यात झाकणे, पळ्या, प्लॅस्टिकचे डबे ठेवले. मी मेथी निवडते तेव्हा तीही निवडते. तिने निवडलेली मेथी मला पुन्हा निवडावी लागते, पण तेवढा अर्धा तास शांत जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला गरिबांच्या, आदिवासींच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या परिसरात मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तूंवर. आपल्या स्वयंपाकघरात तसा खजिना पडलेला असतो. फक्त शेंगदाणे, चणे, बिया असल्या घशात अडकणाऱ्या गोष्टी हातात देऊ नयेत.

पाचवी, झोप आणि जेवण घड्याळावर. या वयाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. छकुलीचे मोठे हट्ट बहुतेक दुपारी एकच्या पुढे आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला होत, म्हणजे झोप आणि भूक यांच्या वेळेला. चहा बंद केला. आता नाचणीची पेज, अंडे, पालेभाजीवर लिंबू, रविवारी कलेजीचा एखादा तुकडा बारीक करून. मोबाईल सोडवायला मात्र चार दिवस गेले. ते चार दिवस इमारतीतल्या सगळ्यांनी ऐकले!

एवढे करूनही हट्ट होतोच. मग काय करायचे? २००३ साली पोटेगल आणि डेव्हिडसन या अमेरिकन संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या हट्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की चारांतले तीन हट्ट पाच मिनिटांच्या आत संपतात. राग आधी चढतो आणि लवकर उतरतो, रडणे मागे उरते. म्हणून रागाच्या भरात समजावत बसण्यात अर्थ नाही, ते तेल ओतण्यासारखे होते. आता ती जमिनीवर लोळू लागली की मी आसपासचे टोकदार काही बाजूला करते, जवळ बसते आणि घड्याळ बघते. मागितले ते देत नाही, आणि तिला सोडून जातही नाही. रागाचे रडे हुंदक्यांवर आले की हात पुढे करते. ती येते. परवा पूर्ण चार मिनिटे लागली. श्वास धरणे त्यानंतर दोनदा झाले, शेवटचे होऊन आता दोन महिने झाले. रक्त साडेदहापर्यंत आले आहे.

मी अगदी शांत झाले आहे, असे समजू नका. अजून माझा आवाज चढतो. चढला की मी पाण्याचा तांब्या उचलते आणि गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालते. तुळस फार बहरली आहे, त्यावरून काय ते ओळखा! ज्या घरात एकटी बाई आहे, तिने शेजारणीला हाक मारावी. दहा मिनिटे पोराला दुसऱ्याकडे देण्यात कमीपणा नाही. आणि पोर दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर ‘हट्टी आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कान आणि वाढ तपासून घ्या.

शेवटी गेल्या आठवड्यातली एक गोष्ट. दूरच्या नात्यातले एक वयस्क पाहुणे आले होते. माणूस चांगला. छकुलीचा गाल ओढून म्हणाले, “ये, एक पापी दे.” ती मागे सरकली आणि म्हणाली, “नाई.” त्यांनी पुन्हा हात धरला. मुलगा म्हणाला, “दे गं, आजोबा आहेत ना.” तिने हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “नको म्हणते ती. राहू द्या.”

पाहुणे थोडे खट्टू झाले. मुलगाही माझ्याकडे बघू लागला. पण मला माहीत होते मी काय करते आहे. आज तिचे ‘नाई’ पिठासाठी आहे, आंघोळीसाठी आहे, निळ्या मग्यासाठी आहे. उद्या ते आणखी कशासाठी लागेल, ते तुम्हा-आम्हा बायांना सांगायची गरज नाही. विसाव्या वर्षी मुलीने ठामपणे नाही म्हणावे असे वाटत असेल, तर दुसऱ्या वर्षी ते ऐकून घेणारे कोणी तरी घरात हवे. पाहुणे निघाले तेव्हा ती आपणहून दारापर्यंत गेली आणि त्यांना टाटा केला.

हे लिहिते आहे तोवर ती झोपली आहे. बिछान्याशेजारी पळी आहे, केसांत अजून पीठ आहे. आता उठेलच. उठली की पहिला शब्द कोणता असेल, ते तुम्हाला ठाऊक आहेच.